विषातून औषध

देवबाग हे मालवणजवळचे गाव आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. या पट्टीवर माडांच्या सावलीत कोळ्यांची घरे आहेत. रापण ओढताना जाळ्यात मासळी येते, तसे कधी कधी समुद्री सापही येतात. किनारा सोडून आत गेले की जांभ्याचे कातळ लागतात. तेथे दगडांखाली फुरसे हा छोटा पण अतिशय विषारी साप राहतो. अशा भागात कोणाला साप चावला, तर त्यावरचे औषध कोठून येते, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

विष उतरवणाऱ्या औषधाला तुम्ही उर्दूत 'तिर्याक' म्हणता. मराठीत त्याला 'प्रतिविष' म्हणतात. सापाच्या विषावरचे प्रतिविष घोड्याच्या रक्तात तयार होते.

मुंबईत परळ येथे हाफकिन संस्था आहे. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने १८९७ साली प्लेगची लस तयार केली आणि ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळला आली. १९२५ साली तिला त्यांचे नाव मिळाले. पुढे हाफकिनमध्ये प्रतिविषही बनू लागले. त्यासाठी लागणारे घोडे पुण्याजवळ पिंपरी येथे पाळले जात.

प्रतिविष कसे बनते ते पाहा. सापाचे विष काढून त्याची अगदी थोडी मात्रा घोड्याला टोचतात. मग ती हळूहळू वाढवत नेतात. घोडा मरत नाही. त्याचे शरीर विषाशी लढायला शिकते. त्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी द्रव्ये तयार होतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. घोड्याचे थोडे रक्त घेऊन त्यातून ती वेगळी काढतात, शुद्ध करतात आणि त्यांची पूड कुप्यांत भरतात. डॉक्टर ती पाण्यात विरघळवून रोग्याच्या शिरेतून देतात.

आपल्या देशातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर चालते. समुद्री सापाचे विष त्यात वापरलेले नसते. म्हणून जाळ्यातला साप हाताने कधीही सोडवू नका. तो चावलाच, तर इस्पितळात जायलाच हवे. श्वास मंदावला, तर तेथे यंत्राने श्वास देऊन रोग्याला वाचवता येते.

आता एक नवल ऐका. फुरशाच्या विषामुळे रक्त गोठत नाही, म्हणून माणूस रक्तस्रावाने दगावतो. पण हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली, तर रक्त न गोठणेच हवे असते! शास्त्रज्ञांनी या विषातील एका द्रव्याचा अभ्यास केला आणि त्याच्या धर्तीवर 'टिरोफिबॅन' हे औषध बनवले. १९९८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हृदयविकाराच्या रोग्यांना ते देतात.

मित्रांनो, साप चावला तर जखम कापू नका, विष चोखू नका, दोरी आवळून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. रोग्याला धीर द्या व ताबडतोब इस्पितळात न्या. एका मुक्या प्राण्याने आपल्या रक्तातून दिलेले औषध तेथे आहे. पण ते वेळेवर मिळाले, तरच उपयोगी पडते.

शब्दार्थ
रापण – किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे
जांभा – कोकणातील तांबडा दगड
मात्रा – औषधाचे ठरलेले प्रमाण
कुपी – लहान बाटली, शीशी
दगावणे – मरण पावणे

स्वाध्याय
१. प्रतिविष तयार करण्यासाठी घोड्याचा उपयोग कसा होतो?
२. समुद्री सापापासून कोळ्यांनी विशेष सावध का राहावे?
३. 'फुरशाचे विष मारते आणि तारतेही.' हे विधान स्पष्ट करा.
४. साप चावल्यावर काय करावे व काय करू नये, ते घरी उर्दूत सांगा आणि वहीत मराठीत लिहा.