काट्यावर जाऊ नकोस

अगं पोरी, म्हसावदच्या ग्रामीण रुग्णालयात रुजू झालीस, तेव्हा ऑटोक्लेव्ह आधी समजून घे. सातपुड्यातल्या पाड्यांवरून बाया बाळंतपणाला येतात. नाळ कापायची कात्री या यंत्राच्या वाफेतूनच निघते. नुसत्या उकळीनं धनुर्वाताचे बीजाणू मरत नाहीत, त्यांना दाबाखालची वाफच लागते.

हत्यार आधी धुवायचं. 0.5 टक्के क्लोरीनच्या पाण्यात 10 मिनिटं, जास्त नको, स्टीलला डाग पडून गंज धरतो. मग साबण आणि ब्रश. आर्टरी चिमट्याच्या सांध्यात आणि दातऱ्यांत रक्त दडतं, तिथं वाफ पोचत नाही. लावताना कात्री, आर्टरी उघडी ठेव. ड्रममध्ये, म्हणजे भोकांच्या डब्यात, कापड कोंबू नकोस, थरांमधून तळहात सहज सरकला पाहिजे. आणि ड्रमची भोकं उघडलीस का, ते झाकण लावण्याआधी पुन्हा बघ.

खरी गोम हवेत आहे. पाणी उकळलं की लगेच झडप बंद करायची घाई करतात. सुरुवातीची वाफ अडखळत येते, तिच्यात हवा असते. सलग, जोराची धार लागली की मगच बंद कर. अर्धी हवा आत राहिली तरी दाबाचा काटा 15 पौंड दाखवतो, पण आत लागणारे 121 अंश नसतात, जेमतेम 112 असतात. काट्याला हवा आणि वाफ यातला फरक कळत नाही गं.

वेळ मोजायची ती 15 पौंड झाल्यावर. उघड्या हत्यारांना 20 मिनिटं, ड्रमला आणि बांधलेल्या गाठोड्यांना 30. मध्येच लाइट गेली आणि काटा उतरला, तर आधीची मिनिटं धरायची नाहीत, पहिल्यापासून मोज. बाहेर लेबर रूममधून कितीही हाका येवोत.

पुढेमागे तोरणमाळला बदली झाली, तर तिथं 15 पौंडांवर थांबू नकोस. उंचावर बाहेरच्या हवेचा दाब कमी, म्हणून काटा साधारण 2 पौंड वर लागतो. यंत्राला तेवढा दाब झेपतो का, ते आधी मेकॅनिकला विचार.

ड्रमवरची रंग बदलणारी टेप काळी पडली म्हणजे बाहेरून तापलं, एवढंच. तसलीच एक पट्टी कापडाच्या अगदी मधोमध ठेवत जा आणि उघडल्यावर तिचा रंग बघ. ड्रम ओला निघाला तर वापरू नकोस, ओल्या कापडातून जंतू आत शिरतात. कोरडा निघाला की भोकं बंद कर, तारीख-वेळ लिही. एकदा उघडलेला ड्रम 24 तासांनी पुन्हा लावायचा, आतलं एकही गॉज वापरलं नसलं तरी.