लहान टाकीतील समुद्रफूल : वाढ, अन्न आणि पाणी

समुद्रफूल हे नाव ऐकून पुष्कळांना ती एखादी पाणवनस्पती वाटते. वस्तुतः तो प्राणी आहे, आणि तोही मांसाहारी. प्रवाळ, जेलीफिश आणि आपल्या क्रमिक पुस्तकातील हायड्रा हे त्याचे आप्त. गोव्याच्या, वेंगुर्ल्याच्या किंवा कारवारच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी डबक्यांतून डोकावले, तर खडकाच्या कपारीला चिकटलेले हे प्राणी सहज दिसतात.

प्राणिशास्त्राचा शिक्षक म्हणून मला विद्यार्थी एक प्रश्न वारंवार विचारतात : "सर, टाकी लहान असली तर समुद्रफूलही लहानच राहील ना?" प्राणी भांड्याच्या मापाने वाढतो, ही समजूत आपल्याकडे सर्वत्र आहे. ती बरोबर नाही. समुद्रफूल भांडे मोजत नाही. ते अन्न मोजते. भांड्याचे माप मोजायचे असते ते पाळणाऱ्याने. ही एक गोष्ट नीट समजली, तर लहान टाकीतही समुद्रफूल वर्षानुवर्षे जगते. समजली नाही, तर ते सहा महिन्यांत मरते आणि बहुधा टाकीतील इतर जिवांनाही घेऊन जाते. म्हणून हा विषय जरा विस्ताराने मांडतो.

शरीर आणि त्याची वाढ

समुद्रफुलाचे शरीर म्हणजे एक मऊ नळकांडे. खालच्या टोकाला चकतीसारखे बूड असते. त्याने ते खडकाला घट्ट धरून राहते. वरच्या टोकाला मधोमध तोंड आणि तोंडाभोवती संस्पर्शकांची वर्तुळे असतात. संस्पर्शकांत सूक्ष्म दंशपेशी असतात. भक्ष्याचा स्पर्श होताच त्यांतून विषारी तंतू सुटतात आणि भक्ष्य निश्चेष्ट होते. तोंड आणि गुदद्वार एकच. जेथून अन्न आत जाते तेथूनच न पचलेला चोथा बाहेर पडतो. हृदय नाही, कल्ले नाहीत, मेंदू नाही. प्राणवायू अंगाच्या पातळ आवरणातूनच आत झिरपतो.

या शरीराला हाडे नाहीत आणि कवचही नाही. त्यामुळे त्याला ठरावीक आकार असा नसतो. मिळणारे अन्न खर्चापेक्षा जास्त असेल तर समुद्रफूल वाढते. कमी असेल तर ते स्वतःच्याच पेशींवर गुजराण करते आणि हळूहळू लहान होते. म्हणून केवळ आकारावरून त्याचे वय सांगता येत नाही. उपाशी राहिलेले जुने समुद्रफूल भरपूर खाल्लेल्या तरुणापेक्षा लहान असू शकते.

वाढ मोजताना आणखी एक घोटाळा होतो. समुद्रफूल पाणी आत घेऊन फुगते आणि ते सोडून आक्रसते. सकाळी बशीएवढे दिसणारे दुपारी लिंबाएवढे होईल. यासाठी वरचा पिसारा न मोजता बुडाचा व्यास मोजावा. प्राणी काचेला चिकटला असेल तर बाहेरून पट्टी लावून हे सहज करता येते. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, असे मोजमाप केले तर वर्षाअखेरीस उत्तम आलेख तयार होतो.

वाढ केवळ आकाराचीच असते असे नाही. काही जाती उभ्या चिरल्या जाऊन एकाच्या दोन होतात. काही जाती सरकताना बुडाचे लहान तुकडे मागे ठेवतात आणि प्रत्येक तुकड्याचे नवे समुद्रफूल होते. ॲइप्टेशिया ही बारीक तपकिरी जात अशी आहे. दगडाबरोबर ती नकळत टाकीत येते, आणि पात्याने खरवडून काढू गेल्यास एकाची दहा होतात. काही जाती पिल्ले पोटात वाढवून तोंडावाटे बाहेर सोडतात. आकार वाढो की संख्या, पाण्यावरचा भार वाढतो तो सारखाच.

एडिंबरोची आजी

लहान भांड्यात समुद्रफूल किती काळ जगू शकते, याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. स्कॉटलंडमधील निसर्गाभ्यासक सर जॉन डॅलियल यांनी ऑगस्ट १८२८ मध्ये नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून ॲक्टिनिया जातीचे एक लाल समुद्रफूल घरी आणले आणि काचेच्या एका लहान बरणीत ठेवले. ते ४ ऑगस्ट १८८७ रोजी मेले, म्हणजे बंदिवासात एकोणसाठ वर्षे जगले. लोक त्याला 'ग्रॅनी', अर्थात आजी, म्हणू लागले होते. या काळात आजीने शेकडो पिल्ले दिली. डॅलियल १८५१ मध्ये वारले. त्यानंतर ती बरणी प्राध्यापक जॉन फ्लेमिंग, त्यांच्या पश्चात डॉ. जेम्स मॅकबेन, मग एडिंबरोच्या वनस्पती उद्यानाचे जॉन सॅडलर आणि शेवटी रॉबर्ट लिंडसे अशी हातोहात पुढे गेली.

या आजीचे रहस्य काय? विजेचा पंप नव्हता, गाळणी नव्हती, रासायनिक चाचण्या नव्हत्या. दोनच नियम होते. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा शिंपला खायला द्यायचा, आणि बरणीतील समुद्राचे पाणी रोज बदलायचे. आत जाणारे अन्न अत्यल्प. बाहेर जाणारी घाण पूर्ण. शिवाय ही जातच लहान, बुडाचा व्यास पाच सेंटिमीटरच्या आसपास. लहान जात, थोडे अन्न, ताजे पाणी : लहान टाकीचे सारे शास्त्र या तीन शब्दजोड्यांत आहे.

हा केवळ एक योगायोग होता असेही नाही. एडिंबरो विद्यापीठात १८६२ पूर्वी गोळा केलेल्या समुद्रफुलांचा एक गट होता. त्यावर ॲशवर्थ आणि ॲनॅन्डेल यांनी १९०४ मध्ये निबंध लिहिला, तेव्हाही तो जिवंत होता. यांतील नेल्सन ॲनॅन्डेल म्हणजेच १९१६ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक. आपल्या किनाऱ्यापुरते बोलायचे, तर मुंबईच्या समुद्रफुलांवर डॉ. ए. एच. पारुळेकर यांचा निबंध १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला.

पाण्याचे गणित

आपण बेळगावकर समुद्रापासून घाटाने तुटलेले. रोज ताजे पाणी आणणे आपल्याला शक्य नाही. म्हणून आपली टाकी आजीच्या बरणीपेक्षा मोठी हवी. याचे कारण साध्या गणिताने पटते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. समजा, पाच लिटरच्या बरणीतून एक लिटर पाणी उडाले. १७५ ग्रॅम क्षार आता चार लिटरांत आले. म्हणजे लिटरला जवळजवळ ४४ ग्रॅम. हा फरक समुद्रफुलाला सोसणारा नाही. आता ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी टाकी घ्या. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता तीत सुमारे ४५ लिटर पाणी राहते. तेवढेच एक लिटर उडाले तर क्षार होतात लिटरला ३५·८ ग्रॅम. फरक जाणवणारही नाही. म्हणून नवशिक्याने यापेक्षा लहान टाकी घेऊ नये. उडालेले पाणी भरून काढताना गोडेच पाणी घालावे, खारे नव्हे. हायड्रोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १·०२५ च्या जवळपास ठेवावे.

घरच्या मिठाचे पाणी चालत नाही. समुद्राच्या क्षारांत साधे मीठ सुमारे ७८ टक्के असते. उरलेले मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि सल्फेट हेही प्राण्याला लागतात. एक तर ॲक्वेरियमसाठी मिळणारे कृत्रिम सागरी क्षार वापरावेत, किंवा किनाऱ्यावरून पाणी आणावे. ते बंदर आणि खाडीचे मुख टाळून, पावसाळा सोडून आणावे. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचे पाणी गोडसर झालेले असते. पाणी प्लॅस्टिकच्या स्वच्छ कॅनमध्येच आणावे. आपल्या घरी पाणी तांब्यापितळेच्या भांड्यात भरण्याची चाल आहे; ती माणसांना चांगली, समुद्रफुलाला घातक. तांब्याचा अल्प अंशही त्याला मारतो. त्याच कारणाने मोरचूद असलेली माशांची औषधेही या टाकीत कधी घालू नयेत.

नवी टाकी मांडल्यावर लगेच प्राणी सोडू नये. अन्न आणि विष्ठा कुजून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्याचे नायट्रेट करतात. हे जिवाणू वाळूत आणि दगडांवर पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. शेवटी उरणारे नायट्रेट साठत जाते; ते दर आठवड्याला चार-पाच लिटर पाणी बदलून काढावे लागते.

उन्हाळ्याची चिंता वेगळी. डबक्यातील समुद्रफूल भर दुपारचे तापलेले पाणी सहन करते हे खरे. परंतु काही तासांत भरती येऊन त्याला गार करते. टाकीला भरती नाही. पाणी २४ ते २७ अंश सेल्सियस राहील असे पाहावे. एप्रिल-मे महिन्यांत टाकी खिडकीपासून दूर ठेवून पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडावा, आणि त्यामुळे जास्त उडणारे पाणी रोज भरावे.

कोणते पाळावे, कोणते पाळू नये

दुकानांत बहुधा मिळतात ती विदूषक माशांना आसरा देणारी मोठी समुद्रफुले. सतरंजीसारखे पसरणारे स्टिकोडॅक्टिला हॅडोनाय आपल्या समुद्रातही आहे. विकताना ते तळहाताएवढे असते. पूर्ण वाढले की ८० सेंटिमीटरपर्यंत पसरते, म्हणजे वर सांगितलेल्या टाकीपेक्षा लांब. सोबतचा मासा ते गिळूही शकते. अशा प्राण्याला उपाशी ठेवून लहान राखणे म्हणजे पाळणे नव्हे. ते घेऊच नये.

या मोठ्या जातींच्या अंगात सूक्ष्म शैवले राहतात आणि प्रकाशात अन्न तयार करून धन्याला देतात. त्यामुळे त्यांना प्रखर प्रकाश लागतो. दुकानात कोणी शुभ्र समुद्रफूल 'दुर्मिळ रंग' म्हणून दाखवले, तर समजावे की त्यातील शैवले गेली आहेत आणि प्राणी उपासमारीच्या वाटेवर आहे.

लहान टाकीला लहान जातच योग्य. किनाऱ्यावरून आणायचे झाल्यास एकच आणावे, आणि सुट्या लहान दगडाला चिकटलेले असेल तर दगडासकट आणावे. खडकावरून खरवडू नये, कारण बूड फाटले की प्राणी बहुधा वाचत नाही. मालवणसारख्या सागरी अभयारण्यातून (स्थापना १९८७) काहीही उचलू नये. समुद्रफुलाशेजारचे प्रवाळ तर कोठूनही आणू नयेत. २००१ पासून त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

अन्न आणि वाढलेला प्राणी

आठवड्यातून एकदा कोळंबीचा किंवा शिंपल्याचा वाटाण्याएवढा तुकडा चिमट्याने संस्पर्शकांवर ठेवावा. एवढे पुरते. तुकडा मोठा झाला तर एक-दोन दिवसांनी अर्धवट पचलेला गोळा बाहेर येतो. तो लगेच काढावा, नाही तर पाणी नासते. "खातंय तर घाला" हा आपला पाहुणचार येथे उपयोगाचा नाही. समुद्रफूल दिलेले खाईल, वाढेल आणि वाढलेल्या अंगाची घाण त्याच पंचेचाळीस लिटरांत सोडील.

तरीही ते वाढलेच, किंवा एकाची अनेक झाली, तर उपाय तीन. अन्न पंधरा दिवसांवर न्यावे. पाणी बदलण्याचे प्रमाण वाढवावे. किंवा मोठ्या टाकीची सोय पाहावी. टाकीत राहिलेला प्राणी पुन्हा समुद्रात सोडू नये; त्याच्याबरोबर परके जीव आणि रोग जातात. वाढलेले समुद्रफूल जागा बदलू लागते, म्हणून पंपाच्या तोंडाला स्पंज बांधावा; त्यात ओढले गेले तर त्याच्या चिंध्या होतात. संस्पर्शक बोटाला चिकटेनासे झाले, तोंड उघडे पडले आणि वास येऊ लागला, तर वाट न पाहता प्राणी बाहेर काढावा. मेलेल्या मोठ्या समुद्रफुलाचा अमोनिया एका रात्रीत सारी टाकी मारू शकतो.

एक शेवटची सूचना. पदवीचा अभ्यासक्रम तीन-चार वर्षांत संपतो. समुद्रफुलाचे आयुष्य तेवढ्याने संपत नाही. ज्याला टाकी ठेवायची असेल त्याने पहिल्याच दिवशी एक वही घालावी : तारीख, तापमान, विशिष्ट गुरुत्व, बुडाचा व्यास, दिलेले अन्न, बदललेले पाणी. वही मराठीत लिहिली काय आणि कन्नडात लिहिली काय, आकडे तेच. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने जानेवारीतच मागच्या वर्गातला कोणीतरी हाताशी धरावा, दोन महिने त्याच्याकडून सारी कामे करवून घ्यावीत आणि मगच वही त्याच्या स्वाधीन करावी. एडिंबरोची बरणी चार वेळा हात बदलूनही टिकली, ती प्रत्येक वेळी घेणारा माणूस आधीच्याचे नियम पाळणारा निघाला म्हणून. असा माणूस मिळत नसेल, तर ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर जावे, डबक्याकाठी बसून समुद्रफूल पाहावे आणि ते तेथेच राहू द्यावे. अभ्यास तसाही होतो.