मनाचा आजार आणि घरची वाणी

शरीरास ताप आला असतां आपण रोग्यास दोष देत नाहीं. मन आजारी पडलें म्हणजे मात्र त्यास आळशी, हट्टी म्हणतों. हे शब्द निरुपद्रवी नव्हेत. लंडन येथील जॉर्ज ब्राउन व त्यांचे सहकारी यांनीं १९७२ सालीं स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांविषयीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयांतून घरीं परतल्यावर नऊ महिन्यांत, जेथें सतत दोषारोप वा अतिकाळजी होती तेथें शेंकडा ५८ जणांचा आजार उलटला. इतर घरीं शेंकडा १६ जणांचाच. घर आजार उत्पन्न करतें असा याचा अर्थ नव्हे; बरें होण्यास मात्र घरची वाणी साह्य करते, असें आम्ही समजतों.

यास्तव रोग्यास भास होत असतां थट्टा करूं नये, वाद घालूं नये, खोटा होकारही देऊं नये. "तुला भीति वाटते हें आम्हांस कळतें," इतकें म्हणावें. औषध डॉक्टरांस विचारल्यावांचून थांबवूं नये. शुश्रूषा एकट्या आईवर न टाकतां सर्वांनीं वांटून घ्यावी. थकलेल्या माणसाच्या तोंडून गोड शब्द कोठून निघणार? मरणाची भाषा ऐकूं आल्यास ती पोकळ न मानतां तत्काळ डॉक्टरांस गांठावें.

विद्यार्थिमित्रहो, "वेडा" हा शब्द थट्टेनें उच्चारण्यापूर्वीं, शेजारच्या बाकावरील कोणाच्या तो जिव्हारीं लागेल, याचा विचार करा.