दाढेच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी

दाढेत लवंग धरून बसलायस, असं तुझ्या आईनं सांगितलं. भीती वाटते म्हणालास ना? वाटू दे, राजा. तिला कारणं आहेत. ती नीट कळली की पाय आपसूक उचलतील.

१. आत गेल्या गेल्या 'मला भीती वाटते' असं सांगून टाक — आडवं पडायचं, तोंड उघडं, बोलता येत नाही, चाललंय काय ते दिसत नाही. घाबरायला एवढं पुरे आहे, त्यात लाज कसली?

२. डावा हात वर केला की थांबायचं, ही खूण आधीच ठरवून घे — थांबवणं आपल्या हातात आहे हे कळलं की निम्मी धास्ती उतरते.

३. ठणका लागेपर्यंत मात्र थांबू नकोस रे — सुजलेल्या, पू झालेल्या जागी आम्लता वाढते आणि बधिर करायचं औषध नीट लागू पडत नाही. मग 'इंजेक्शन देऊनही दुखलं' हे गावभर होतं, ते ऐकून दुसरा घाबरतो, तोही उशिरा जातो. किडीला मुदत दिली की ती व्याजात दाढ नेते.

४. काही दुखत नसतानाही वर्षातून एकदा दाखवून ये — दाताच्या वरच्या कवचात नस नसते, तिथली कीड गुपचूप वाढते. शिवाय न दुखता परत आलास की खुर्चीची ओळख चांगली होते.

५. आजोबांच्या दाढेची गोष्ट त्यांच्या काळातच राहू दे — हिरडीत देतात ते लिग्नोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालं, हवेवर फिरणारं वेगवान ड्रिल १९५७ साली बाजारात आलं, आणि आपल्याकडच्या लहान गावांत दोन्ही पोचायला आणखी वेळ लागला.

६. सुईआधी हिरडीला जेल लावायला सांग, औषध सावकाश सोडायला सांग — टोचण्यापेक्षा औषध भसकन आत गेल्यानं जास्त दुखतं.

७. त्यानंतर छाती धडधडली तर ती तुझी भीतीच असेल असं नाही — औषधात बहुधा थोडं अ‍ॅड्रेनलिन असतं, धडधड थोड्या वेळात ओसरते. हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मात्र आधीच सांगायचं.

८. दवाखान्याच्या वासानं पोटात गोळा येतो ना? तो पुष्कळदा युजेनॉलचा असतो — तुझ्या दाढेतल्या लवंगेत तेच आहे.

९. खर्च आधीच विचार, आकडा न कळण्याचीही भीती असते — जड वाटलाच तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत.

१०. वरची दाढ काढली की नजर जाते, हे साफ खोटं — डोळ्याची नस वेगळी.

११. धाकटीला 'गप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील' असं कधीही म्हणू नकोस — उद्या तिलाच त्या खुर्चीत बसायचंय, आणि आपण पेरलेली भीती डॉक्टरांना उपटावी लागते.

१२. सकाळची पहिली वेळ घे, नाश्ता करून जा — दिवसभर वाट बघण्यात धीर संपतो, रिकाम्या पोटी भोवळ येते. परतल्यावर दोन-तीन तास ओठ बधिर राहील. तोवर गरम चहा नको, काही चावणं नको, गाल चावला गेला तरी कळत नाही. तुझ्या आईला मऊ भात टाकून ठेवायला सांगते.