आधी पत, मग पद

व्यापारी बंधूंनो, नगरच्या कापड बाजारात गल्ल्यावर बसणारा माणूस कायदेमंडळात जाऊन काय करणार, असे आपल्यातलेच पुष्कळजण म्हणतात. त्यांच्यासाठी आम्ही मुंबईच्या एका व्यापाऱ्याची हकीकत देत आहोत.

जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना यांचा जन्म १८०३ चा. १८२२ साली वडील वारले आणि कोवळ्या वयात पेढीचा भार अंगावर आला. नानांनी तो सचोटीने पेलला. अरब व अफगाण सौदागर आपला ऐवज बँकेत न ठेवता नानांकडे ठेवीत. धर्म वेगळा, मुलूख वेगळा. पण अमानतीत खयानत होणार नाही, ही खात्री होती.

हीच पत सार्वजनिक कामात उपयोगी पडली. शिक्षणसंस्था, रेल्वेची उभारणी आणि १८५२ ची बॉम्बे असोसिएशन, सर्वांत नाना पुढे होते. १८६१ च्या कायद्याने मुंबईचे कायदेमंडळ बनले. १८६२ मध्ये नाना त्याचे सभासद झाले. तेव्हा सभासद सरकार नेमीत असे आणि त्यांना प्रश्न विचारण्याचाही हक्क नव्हता. तो १८९२ च्या कायद्याने आला. १८६५ मध्ये नाना वारले.

आज जागा मतांनी मिळते, हक्कही मोठे आहेत. परंतु मत मागणाऱ्याचा व्यवहार लोक आधीपासून पाहत असतात. म्हणून आमचे सांगणे एवढेच: मापात खोट नको, कारागिराची मजुरी थकवू नका, कोणाचा ऐवज ठेवला तर पावती द्या. पद पाच वर्षांचे असते; पत मुलाबाळांनाही पुरते.