एका अक्षराचा फेरफार : आर.एन.ए. संशोधनातील एका सहकार्याचा इतिहास

करोनाच्या साथीत अनेक पालकांनी आम्हा शिक्षकांना एक प्रश्न विचारला होता : ‘नव्या लशीने माणसाची जनुके बदलतात, हे खरे काय?’ आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या लशी वेगळ्या पद्धतीच्या होत्या. शंका होती ती अमेरिका-युरोपात दिल्या गेलेल्या मेसेंजर आर.एन.ए. लशींविषयी. आम्ही इतिहासाचे अभ्यासक. प्रयोगशाळेत आमचे आयुष्य गेलेले नाही. तथापि या लशीमागील संशोधनाला स्वतःचा इतिहास आहे, आणि शंकेचे उत्तर त्या इतिहासातच सापडते, म्हणून हा लेखनप्रपंच.

दहावीच्या विज्ञानात विद्यार्थी शिकतात की, पेशीच्या केंद्रकात डी.एन.ए. असते. त्यातील एखाद्या मजकुराची नक्कल म्हणजे मेसेंजर आर.एन.ए. ही नक्कल केंद्रकाबाहेर येते, रायबोझोम ती वाचतात, त्याबरहुकूम प्रथिन तयार करतात आणि काम संपले की नक्कल नष्ट होते. लशीतील आर.एन.ए. केंद्रकाबाहेरच राहते, तिथेच वाचले जाते आणि तिथेच विरघळते. मूळ ग्रंथाला, म्हणजे डी.एन.ए.ला, ते हात लावीत नाही.

आर.एन.ए.ची लिपी चार अक्षरांची : ए, यू, जी आणि सी. मात्र पेशी ही अक्षरे लिहून झाल्यावर त्यांपैकी काहींवर रासायनिक संस्कार करते. १९५१ मध्ये अमेरिकेतील ओक रिज येथील प्रयोगशाळेत वॉल्डो कोन आणि एलियट व्होल्किन यांना चारांपेक्षा निराळा असा एक घटक आढळला. पुढे त्याला स्यूडोयुरिडीन हे नाव मिळाले. युरिडीनमध्ये आणि यामध्ये अणू तेच, संख्याही तीच. फरक एवढाच की, युरिडीनमध्ये शर्करेशी असलेला जोड नायट्रोजनच्या अणूतून जातो, तर इथे तो कार्बनच्या अणूतून जातो. आज अशा दीडशेहून अधिक रूपांची नोंद झालेली आहे.

१९६५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट हॉली यांच्या गटाने यीस्टमधील एका ट्रान्सफर आर.एन.ए.चा संपूर्ण अनुक्रम वाचला. शुद्ध स्वरूपातील जेमतेम एक ग्रॅम द्रव्य मिळविण्यासाठी त्यांना सुमारे १४० किलो यीस्ट लागले. त्या सत्त्याहत्तर अक्षरांच्या साखळीत स्यूडोयुरिडीनसारखी बदललेली अक्षरे बरीच होती. १९६८ चे नोबेल पारितोषिक हॉली, मार्शल नीरेनबर्ग आणि हरगोबिंद खुराना यांना विभागून मिळाले. खुराना यांचा जन्म आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबमधील रायपूर या जेमतेम शंभर वस्तीच्या खेड्यातला, आणि त्या खेड्यात लिहितावाचता येणारे घर जवळपास त्यांचे एकट्याचेच. वसतिगृहात राहून शिकलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांसाठी ही माहिती मुद्दाम दिली.

ट्रान्सफर आर.एन.ए.मध्ये बदललेली अक्षरे मोठ्या प्रमाणात असतात, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढील सारे त्यावरच उभे आहे.

कॅटालिन कारिको यांचा जन्म १९५५ चा, हंगेरीतला. वडील खाटीक. घरात नळाचे पाणी नव्हते. सेगेड येथे संशोधन करीत असताना निधी संपला, तेव्हा १९८५ मध्ये पती आणि दोन वर्षांच्या मुलीसह त्या अमेरिकेला निघाल्या. देशाबाहेर पैसा नेण्यावर निर्बंध असल्याने मोटार विकून आलेली रक्कम त्यांनी मुलीच्या खेळण्यातल्या अस्वलात शिवून नेली. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी एकच ध्यास धरला : मेसेंजर आर.एन.ए.चा औषध म्हणून उपयोग करायचा. अनुदानाचे अर्ज नामंजूर होत गेले आणि १९९५ मध्ये विद्यापीठाने त्यांचा हुद्दा खाली आणला. त्या मात्र कमी पगारावर तिथेच काम करीत राहिल्या.

त्याच विद्यापीठात १९९७ मध्ये ड्रू वाइसमन आले. ते रोगप्रतिकारशास्त्राचे अभ्यासक, एच.आय.व्ही.वर लस शोधण्याच्या खटपटीत होते. नियतकालिकांतील लेख त्या काळी झेरॉक्स काढून वाचले जात. दोघांनाही वाचनाचे व्यसन, त्यामुळे झेरॉक्सच्या यंत्रापाशी गाठ पडू लागली आणि बोलणे सुरू झाले. एकाला आर.एन.ए. बनविण्याची विद्या अवगत नव्हती, तर दुसरीपाशी प्रतिकारपेशींवरील प्रयोगांचा अनुभव नव्हता.

पहिला निकाल निराशेचा होता. कारिको यांनी बनविलेले आर.एन.ए. वाइसमन यांच्या डेंड्रायटिक पेशींवर टाकताच त्या पेशींनी परका शत्रू आल्यासारखी दाह निर्माण करणारी रसायने सोडली. असे आर.एन.ए. औषध म्हणून देणे अशक्य होते. मग त्यांनी निरनिराळ्या ठिकाणांहून मिळविलेले आर.एन.ए. शेजारीशेजारी तपासले. जिवाणूंच्या आर.एन.ए.ने पेशी खवळल्या. सस्तन प्राण्यांचे ट्रान्सफर आर.एन.ए. टाकले तर त्या शांत राहिल्या. आमच्या मते या साऱ्या कथेचा कणा हाच आहे. केवळ तुलनेसाठी घेतलेल्या नमुन्याने कोडे सोडविले. ट्रान्सफर आर.एन.ए. बदललेल्या अक्षरांनी भरलेले असते. तेव्हा पेशी ‘आपले’ आणि ‘परके’ यांतील भेद याच खुणांवरून करीत असतील काय?

त्यांनी नेहमीच्या अक्षरांच्या जागी बदललेली अक्षरे घालून आर.एन.ए. तयार केले. युरिडीनच्या जागी स्यूडोयुरिडीन येताच दाह बहुतांशी थांबला. २००५ मध्ये ‘इम्युनिटी’ या नियतकालिकात हा निबंध चार नावांनिशी प्रसिद्ध झाला. त्याची दखल फारशी कोणी घेतली नाही. २००८ मध्ये त्यांनी दाखविले की, अशा आर.एन.ए.पासून प्रथिनही कितीतरी अधिक तयार होते.

२०२० मध्ये फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्ना या दोन्ही लशींत स्यूडोयुरिडीनचेच एक जवळचे रूप वापरले गेले. जर्मनीतील क्युअरव्हॅक कंपनीने अक्षरे न बदलता लस केली. तिची परिणामकारकता २०२१ च्या चाचणीत ४८ टक्के भरली. यावरून लगेच निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण त्या लशीची मात्रा १२ मायक्रोग्रॅम होती, इतर दोन लशींची ३० आणि १००. शिवाय तोवर विषाणूही बदलला होता. पुराव्यातून जेवढे निघते तेवढेच म्हणावे, हा दंडक इतिहासाला लागू आहे तसा विज्ञानालाही.

२०२३ चे वैद्यकाचे नोबेल कारिको आणि वाइसमन यांना मिळाले. ते यथायोग्यच आहे. पण एक नोबेल पारितोषिक तिघांहून अधिक जणांत वाटता येत नाही आणि मृतांना दिले जात नाही, हा नियम इतिहासाच्या वाचकाने विसरू नये. ओक रिजमधील दोघे, १४० किलो यीस्ट उपसणारे हात, आर.एन.ए.ला पेशीत पोहोचविणारे मेदाचे सूक्ष्म कवच घडविणारे संशोधक, यांच्यावाचून ती लस झाली नसती. पाठ्यपुस्तकात दोन नावे येतील. वर्गात शिकविताना आम्ही बाकीच्यांचेही काम सांगतो.

पुण्यातील जिनोव्हा कंपनीच्या मेसेंजर आर.एन.ए. लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, म्हणजे साध्या शीतकपाटात टिकते. ग्रामीण आरोग्य केंद्रांच्या दृष्टीने ही बाब लहान नाही.

दीडशेहून अधिक खुणांपैकी बहुतेकींचे कार्य अजून उलगडायचे आहे. अडचण वाचनाची आहे. आर.एन.ए. वाचण्याच्या रूढ पद्धतीत प्रथम त्याचे डी.एन.ए.त रूपांतर करतात आणि त्या नकलेत मूळच्या खुणा बहुतांशी पुसल्या जातात. मोडी कागद बाळबोधीत उतरवून घेताना समासातल्या खुणा आणि शेरे गळून पडतात, तसेच हे. मूळ कागदच थेट वाचता यावा यासाठी आर.एन.ए.ची साखळी एका सूक्ष्म छिद्रातून ओढून, तिच्यामुळे विद्युतप्रवाहात होणाऱ्या बदलावरून अक्षरे ओळखण्याची रीत आता विकसित होत आहे. २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी या वाचनासाठी दीर्घ मुदतीची सामायिक मोहीम हाती घ्यावी, अशी शिफारस केली आहे. रसायन, जीवशास्त्र, संगणक आणि वैद्यक या चारही शाखांच्या लोकांना त्या मोहिमेत काम आहे.