आकाश शिंदे बंगळुरूला गेला म्हणून

नाशिक,
८ जून २०२५

चि. सोहम यास,

परवा फोनवर तुझा आवाज उतरलेला होता. आकाश शिंदे पुणेरी पलटण सोडून बंगळुरू बुल्सकडे गेला, हे तुला फार लागलेलं दिसतं. "पैसे दिसले की सगळे निघतात," असं म्हणालास, आणि यापुढे प्रो कबड्डी बघणार नाही असंही. घाईत बोलण्याचा हा विषय नाही, म्हणून लिहायला बसलो.

तुला वाईट वाटलं, यात काही गैर नाही. आपल्या नाशिकचा मुलगा आहे तो. २०२३ च्या ऑक्टोबरात हांगझोऊला भारताने इराणवर ३३-२९ ने मात करून आशियाई सुवर्ण जिंकलं, त्या संघात तो होता. पुढच्या मार्चमध्ये हैदराबादला पलटणने हरियाणा स्टीलर्सना २८-२५ असं हरवलं आणि पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं, तेव्हाही तो पलटणचाच होता. तू पुण्यात नवखा असताना त्या नारिंगी जर्सीत आपल्याकडचं एक माणूस दिसायचं. त्याचा तुला केवढा आधार वाटायचा, हे मला ठाऊक आहे.

पण तुझं ते वाक्य अन्यायाचं आहे. ३१ मे आणि १ जूनला मुंबईत लिलाव झाला. तिथे एका संघाला सगळे मिळून पाच कोटी खर्च करता येत होते, आणि त्यातच अठरा ते पंचवीस जणांचा संघ बसवावा लागत होता. अस्लम इनामदार, पंकज मोहिते, मोहित गोयत असे चढाईपटू पलटणने आधीच राखून ठेवले होते. पाच कोटींत सगळेच कसे राहणार? शिवाय लिलावात गेलेल्या खेळाडूला संघ निवडता येत नाही. बोलीचा निकाल लागेल तिकडे जायचं. बुल्सनी आकाशसाठी पन्नास लाखांच्या वर बोली लावली, याचा मला तर आनंद झाला. चढाईपटूच्या घोट्यावर, गुडघ्यावर, खांद्यावर रोज माणसं तुटून पडतात. तिशी ओलांडली की किती जण मॅटवर दिसतात, तूच आठवून बघ. कमावण्याची वर्षं इतकी थोडी असताना त्याला चांगला भाव मिळाला, तर आपण का चिडायचं?

अनुप कुमारचं आठव. तेव्हा तू लहान होतास. हरियाणातल्या पालरा गावचा हा माणूस यू मुंबाचा कर्णधार झाला आणि वरळीच्या प्रेक्षकांनी त्याला आपला मानलं. २०१५ मध्ये बंगळुरूला ३६-३० असं हरवून त्याने मुंबईला विजेतेपद दिलं. पुढच्या वर्षी अहमदाबादला भारतासाठी विश्वचषक उचलला. आणि २०१८ च्या लिलावात तो जयपूरकडे गेला. मुंबईकर हळहळले, मीही हळहळलो. त्याच वर्षी डिसेंबरात तो निवृत्त झाला आणि २०१९ मध्ये चक्क तुझ्या पलटणचा प्रशिक्षक होऊन पुण्यात आला. आज अनुपचं नाव निघालं की तो जयपूरला गेला, म्हणून कोणी त्याला बोल लावत नाही. त्याचे बोनस गुण आणि त्याचं शांत डोकंच लोकांना आठवतं.

त्याच २०१८ मध्ये चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडून खेळला आणि एका मोसमात सगळ्या महाराष्ट्राचा लाडका झाला. पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सनी त्याला एक कोटी पंचेचाळीस लाखांना नेलं. मुंबईकरांना तो पुरता एक वर्षही लाभला नाही.

तू बास्केटबॉलही बघतोस, तेव्हा डॅलसचं तर तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. लुका डोन्चिचला त्याच्या संघाने फेब्रुवारीत एका रात्रीत लॉस एंजेलिसच्या संघाला देऊन टाकलं, त्याला स्वतःलाही कल्पना नव्हती. लोक इतके दुखावले, की स्टेडियमबाहेर निषेध केला. पण ९ एप्रिलला तो प्रतिस्पर्धी म्हणून डॅलसला आला, तेव्हा त्याच लोकांनी उभं राहून त्याचं स्वागत केलं. तो बाकावर बसून रडला आणि मग मैदानात उतरून ४५ गुण केले. त्या लोकांचा राग व्यवहार करणाऱ्यांवर होता. तो त्यांनी खेळाडूवर काढला नाही. मला हे फार मोठेपणाचं वाटतं.

म्हणून सांगतो, कबड्डी बघणं सोडू नकोस. तुझी जर्सी कपाटात कोंबू नकोस, पलटण तुझीच आहे. पलटण आणि बुल्स समोरासमोर येतील तेव्हा अस्लमच्या बाजूने ओरड, आणि आकाशची पकड झाली तर खुशाल आनंद मान. पण त्याच्या चांगल्या चढाईला टाळी अडवू नकोस. महाराष्ट्राच्या संघात तो पुन्हा दिसेल, तेव्हा तर प्रश्नच मिटला. आणि तू स्वतः कॉलेजच्या संघात खेळतोस, उद्या तुलाही दुसरा संघ बोलावेल. त्या दिवशी मागे राहिलेल्यांनी तुझ्याबद्दल काय बोलावं असं तुला वाटतं, याचा आजच विचार कर.

मित्रांमध्ये त्याच्याविषयी वाकडं बोलला असशील, तर ते मागे घे. आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
मामा